बिनवाजवायचा ऑर्गन

नाटक कंपनी बुडाली की नायक दुसरी कंपनी शोधतो, नायिका माहेरी जाते आणि मालक वकिलाकडे जातो. ऑर्गनवाला कुठे जातो याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. यशवंतराव पेठकर चिंचवडला गेले. स्टेशनजवळ त्यांनी दोन खोल्या घेतल्या, बाहेरच्या खोलीवर ‘स्वरविलास संगीत विद्यालय’ अशी पाटी लावली आणि विद्यार्थ्यांची वाट पाहत बसले.

विद्यार्थी तीन आले. पहिल्याला आवाज नव्हता, दुसऱ्याला ताल नव्हता. तिसऱ्याला दोन्ही होतं, पण त्याच्या वडिलांची इगतपुरीला बदली झाली. विद्यालयात एक जुनी हातपेटी होती आणि तिच्या दोन पट्ट्या कायमच्या मुक्या झाल्या होत्या. त्यामुळे कोणते राग शिकवायचे हे मास्तर न ठरवता पेटीच ठरवत असे.

अशात, सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात, पुण्याच्या मुरारीशेठचा निरोप आला. मुरारीशेठ वाद्यांचे व्यापारी. यशवंतरावांच्या बुडालेल्या कंपनीचे सहाच्या सहा ऑर्गन त्यांनी लिलावात उचलले होते आणि आता त्यांच्या बुधवार पेठेतल्या वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती.

“यशवंतराव,” ते वखारीत पोचताच मुरारीशेठ म्हणाले, “तुमच्याकडे कारखाने येताहेत. लोकांच्या हातात रोकड आलीय. पाच विका, सहावा तुमचा. पण दिवाळीपर्यंत. पुढे एक फर्निचरवाला सगळे घ्यायला बसलाय. त्याला वरचं सागवान पाहिजे, आतलं फेकून देणार म्हणतो.”

कोपऱ्यातला सहावा ऑर्गन यशवंतरावांनी केव्हाच ओळखला होता. आयुष्याची ऐन वर्षं ते त्याच्यापुढे बसले होते. तो विद्यालयात आला की चांगले विद्यार्थी आपोआप येतील आणि न आला तर पाटी उतरवून कुठल्या तरी कारकुनाच्या हाताखाली बसावं लागेल, इतका सरळ हिशेब होता. ते हो म्हणाले. फर्निचरवाल्याचं नाव ऐकल्यावर कोणीही हो म्हटलं असतं.

पहिला ऑर्गन रेल्वेने आणायचं ठरलं. पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसातल्या बाबूने पेटाऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वाकून खाली पाहिलं.

“शिवणयंत्र,” तो म्हणाला.

“ऑर्गन आहे. वाद्य.”

“खाली पाय मारायला फळ्या आहेत. मला शिकवू नका, माझ्या घरी शिवणयंत्र आहे.”

“अहो, हे वाजतं.”

“आमचंही वाजतं. तेल घातलं की थांबतं.”

यशवंतरावांना हा कलेचा अपमान वाटला. त्यांनी फलाटावरच ऑर्गन उघडला, बाबूच्याच स्टुलावर बसले आणि एक पद वाजवायला घेतलं. उतारू जमले. कोणीतरी वळकटीवर बैठक मारून ‘वन्स मोअर’ दिला. बाबूने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. या सबंध हकिगतीत ऑर्गन मनापासून ऐकणारा माणूस एवढा एकच, तेव्हा त्याची नोंद करून ठेवली पाहिजे.

“फार छान,” डोळे उघडून तो म्हणाला. “वाद्यच आहे. वाद्याला दर जास्त पडतो. गप्प बसला असतात तर शिवणयंत्रात गेलं असतं.”

एव्हाना गाडीही सुटली होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून यशवंतरावांनी पिंपरीचे बबनराव धरले. बबनरावांची जमीन कारखान्यात गेली होती आणि आलेल्या पैशांतून त्यांनी दगडी घर बांधलं होतं. घराला बैठकीची खोली होती. बैठकीच्या खोलीत काय ठेवतात हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी एकाच आठवड्यात खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ आणि रेडिओ आणला होता. तरी एक भिंत रिकामी राहिली होती. यशवंतरावांची भिस्त त्या भिंतीवर होती.

त्यांनी ऑर्गन बैलगाडीतून नेला, जीव ओतून वाजवला आणि घाम पुसत बबनरावांकडे पाहिलं.

“झ्याक,” बबनराव म्हणाले. “पर मास्तर, रेडिओ आपला आपन वाजतो. ह्याला मानूस लागतो.”

“शिकता येतं. मी शिकवीन.”

“आमी शिकायचं?” बबनरावांनी आपल्या बोटांकडे बघितलं. त्या बोटांनी इतकी वर्षं नांगर धरला होता, आणि आता ती करायला काही नसल्यामुळे पानाला चुना लावत होती. “ऱ्हाऊ द्या. च्या घ्या.”

असे चहा यशवंतरावांनी आकुर्डीला घेतले, निगडीला घेतले, भोसरीला तर दोनदा घेतले. ऑर्गन गाडीत चढे आणि गाडीतून उतरे. बैल त्या सुरांना सरावले, माणसं सरावली नाहीत.

शेजारी ज्योतीराम राहत असे. मूळचा परभणीकडचा, कारखान्यात स्टोअरकीपर, आणि कामावरून आला की ज्याला त्याला सल्ला वाटून मोकळा होणारा.

“मास्तर, तुमचं कुठं चुकतंय सांगू का?” तो कट्ट्यावर बसत म्हणाला. “तुम्ही वाजवून दाखवता. गिऱ्हाइकाला जे येत नाही तेच त्याच्यापुढं करून येता. मग तो घेईल कशाला?”

“वाद्य न वाजवता विकू?”

“वाजवणाऱ्याला विकायचं म्हणाल, तर पंचक्रोशीत वाजवणारा एकच. तो तुम्ही. अन् तुमची ऐपत नाही.”

ज्योतीरामच्या पत्नी इंदुताई म्हणाल्या, लग्नाच्या मुली असतील तिथे जा. घरात पायपेटी असली तर पाहुण्यांवर छाप पडते. यशवंतरावांनी भोसरीत तेही करून पाहिलं. मुलीचा बाप धोरणी निघाला. तो म्हणाला, “पेटी दिसली तर पावनं पोरीला वाजवाय सांगतील. न्हाई दिसली तर नुसतं भाकरी येतीया का इचारतील. ती येतीया.”

यशोदाबाईंचा, म्हणजे यशवंतरावांच्या कुटुंबाचा, सल्ला सर्वांत आखूड होता. “वर भरतकामाचा रुमाल टाका आणि फोटो ठेवा. खाली काय आहे ते दिसलं नाही की कोणीही घेईल.”

कंपनीत राजेमहाराजांनी मान डोलावली होती त्या वाद्यावर रुमाल टाकायची पाळी आली, आणि यशवंतरावांनी तो टाकला. रुमाल घातलेला ऑर्गन घेऊन ते पुन्हा बबनरावांकडे गेले. त्या दिवशी बबनरावांच्या आई, गवराबाई, ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी रुमालाचं टोक उचलून खाली पाहिलं.

“ह्याचा घरात उपेग काय?” त्यांनी विचारलं. “दळान दळतंय का पानी वढतंय?”

यशवंतराव सकाळपासून उपाशी होते, गाडीवाला घाई करत होता आणि दिवाळी जवळ येत होती. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते त्याचं मत असतंच असं नाही.

“आजी, ही सरस्वती आहे,” ते म्हणाले. “हिच्याकडून काम करून घ्यायचं नसतं. ही घरात नुसती असली की पुरे. वाजवलीच पाहिजे असं नाही.”

गवराबाईंनी रुमाल नीट घातला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. “आधी न्हाई का सांगायचं,” त्या म्हणाल्या. “बबन, पाट आन.”

विक्री झाली. यशोदाबाईंनी जुन्या कॅलेंडरवरचं सरस्वतीचं चित्र कापून दिलं, ते झाकणाच्या आतून खळीने चिकटवलं. मुहूर्त काढला गेला, गुरुजी आले, गाव जेवलं. रिकामी भिंत भरली.

आता बबनरावांच्या घरी सरस्वती आली आणि आपल्याकडे नुसतं घड्याळ, हे त्यांचे भाऊबंद तात्याबा यांना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी दुसरा घेतला. तिसरा देहूरोडच्या एका कंत्राटदाराने घेतला, चौथा भोसरीत गेला. (धोरणी बापाकडेच गेला. वाजवायची नाही म्हटल्यावर त्याची हरकत उरली नव्हती.) फलाटावर आता यशवंतराव शहाणे झाले होते. बाबूने विचारलं की ते ‘शिवणयंत्र’ म्हणत. इतक्या वेळा म्हटलं की पुढे पुढे विचारण्याआधीच म्हणू लागले.

आपण कला विकली असं मात्र त्यांना वाटत नव्हतं. प्रत्येक ऑर्गनाबरोबर त्यांनी वर्षभराची शिकवणी फुकट कबूल केली होती. सरस्वती हे घरात शिरण्यापुरतं निमित्त. एकदा आत गेली की कोणीतरी पोर पट्टीवर बोट ठेवणारच, आणि चार घरांत चार शिष्य तयार होतील, असा त्यांचा डाव होता. डाव वाईट नव्हता. फक्त समोरची माणसं आपलं बोलणं खरं मानतील ही शक्यता त्यांनी धरली नव्हती.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी ते बबनरावांकडे गेले. ऑर्गनाला झेंडूची माळ होती, झाकणावर हळदीकुंकू होतं, समोर समई होती. यशवंतरावांनी वहाणा बाहेर काढल्या, नमस्कार केला, स्टूल ओढलं आणि सवयीने पाय फळ्यांवर ठेवले.

ओसरीवरची मंडळी दाराशी आली.

“मास्तर,” गवराबाईंनी हळूच विचारलं, “पाय कुटं ठेवलायसा?”

“इथंच ठेवायचे, आजी. पायानेच हवा भरतात.”

“सरस्वतीला पाय?”

“धुऊन आलोय.”

“धुतल्याला पाय देवाला लावत्यात व्हय?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. यशवंतरावांनी एक तयार केलं. ते म्हणाले, पायमोजे घालतो. त्यामुळे प्रकरण जास्तच बिघडलं, कारण पायमोजे कशाचे असतात यावर ओसरीवरच्या मंडळींत मतभेद झाले आणि एकजण म्हणाला, काहींत चामडं असतं. शेवटी बबनरावांनी त्यांना बाजूला घेतलं.

“मास्तर, तुमीच म्हनला हुता, सरस्वती हाय म्हून. आता तुमीच लाथा घालता. मी आईला काय सांगू?”

“काय करू म्हणता?”

“नारळ फोडा. चूक झाली म्हना. मानूस चुकतो.”

ज्या माणसाने उभ्या हयातीत एक सूर चुकवला नव्हता, त्याने शेजारपाजारच्या बायकांसमोर ऑर्गनापुढे नारळ फोडला आणि चूक झाली म्हणून सांगितलं. नारळ चांगला निघाला. त्याला त्यातला एक तुकडा प्रसाद म्हणून मिळाला.

दुसऱ्याच दिवशी तात्याबा विद्यालयाच्या दारात हजर झाले.

“आमच्या देवात पाय लावायची वस्तू बसवली तुमी,” ते पायरीवरूनच म्हणाले. “वर देवी अन् खाली पायटं. आमाला काय ठावं? गाडी आनलीया. घिऊन चला तुमचं.”

यशवंतरावांना वखारीतला कोपरा दिसला. एक परत आला की चारही परत येणार आणि सहाव्याच्या सागवानाचं कपाट होणार. आत यशोदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“तात्याबा, परत कशाला?” यशवंतराव म्हणाले, आणि आपण पुढे काय बोलणार आहोत हे त्यांना बोलतानाच कळत गेलं. “प्रतिष्ठा झाली की त्या फळ्या काढून टाकायच्या असतात. तेवढा विधी राहिला होता. मी उद्या येतो काढायला.”

तात्याबांनी थोडा विचार केला. “मंग वाजनार न्हाई ना ती कदी?”

“कधीच नाही.”

“तसं असंल तर ऱ्हाऊ द्या,” तात्याबा म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. ते गेल्यावर यशोदाबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “उद्या पेचकस लागेल. ज्योतीरामकडे आहे.”

मुरारीशेठना हे कळल्यावर त्यांनी पाठ थोपटली. फळ्यांविना माल हलका होतो, हमाल एक कमी लागतो आणि काढलेल्या फळ्यांना निराळं गिऱ्हाईक आहे, असं ते म्हणाले. व्यापारी माणूस; त्याला विधीत न पडताही विधीचा फायदा कळला.

यशवंतराव घरोघर फिरले. देहूरोडच्या फळ्या काढल्या, भोसरीच्या काढल्या, तात्याबांच्या तर त्यांच्या सुनांनी ओवाळून खाली ठेवल्या. शेवटी बबनरावांचं घर राहिलं. त्या दिवशी तिथे चाकणचे कांद्याचे व्यापारी सयाजी आले होते. बबनरावांचे जुने सोयरे. ते पाचवा ऑर्गन घ्यायच्या विचारात होते आणि त्याआधी त्याचं सोवळंओवळं बघायला आले होते. पाचवा गेला की सहावा घरी येणार होता.

यशवंतराव गालिच्यावर आडवे होऊन ऑर्गनाच्या खाली शिरले. पेच गंजले होते. वर बबनरावांची धाकटी सून, शालन, फडक्याने पट्ट्या पुसत होती. पुसायचं काम तिच्याकडे होतं. पुसताना हात लागतो त्याला दोष नाही, असा गवराबाईंनी निकाल दिला होता. शालन तळेगावची. तिथल्या शाळेत तिने सात इयत्ता केल्या होत्या.

पहिला पेच निघाला. दुसरा काढताना यशवंतरावांच्या लक्षात आलं की वर फडकं फिरत नाही. लाकडावर लाकूड टेकल्याचा अगदी बारीक आवाज येत होता, थांबून थांबून, पण मापात. त्यांनी मान बाहेर काढली.

शालनचं फडकं खांद्यावर होतं. तिची बोटं पट्ट्यांवर चालली होती. हवा नसल्यामुळे सूर निघत नव्हता. नुसत्या पट्ट्या खाली जात होत्या आणि वर येत होत्या. यशवंतरावांनी बोटांवरून चाल ओळखली. शाळेतली प्रार्थना होती. दुसऱ्या ओळीत तिचं बोट दरवेळी शेजारच्या पट्टीवर पडत होतं, ती मान हलवत होती आणि पुन्हा तिथूनच सुरू करत होती. तिला चूक ऐकू येत होती. कशात ऐकू येत होती ते देव जाणे.

‘तिथे कोमल घे,’ हे शब्द यशवंतरावांच्या ओठांवर आले. विद्यालयाची पाटी लावल्यापासून ते याच माणसाची वाट पाहत होते.

शालनने त्यांना पाहिलं आणि हात मागे घेतला. मग धीर करून म्हणाली, “मास्तर, आमच्या शाळेत बाई पेटी वाजवायच्या. तशीच ना ही? खालून हवा दिली तर बोलेल?”

“ए पोरी,” गवराबाई म्हणाल्या.

“इचारते नुसतं.” ती यशवंतरावांकडेच बघत होती. “पाय लावला तर खरंच पाप लागतं का?”

सयाजींनी पानाचा विडा गालात धरला. “मीबी त्येच इचारनार हुतो, मास्तर. तुमच्या तोंडून ऐकू द्या एकदा. आमच्या घरात पोरंटोरं लई. कुनाचा पाय लागला तर?”

सगळे थांबले. बबनराव, गवराबाई, विडा धरलेले सयाजी आणि शालन. यशवंतराव अजून अर्धे ऑर्गनाखाली होते. कमरेइतका माणूस बाहेर आणि पाय आत, अशा अवस्थेत दिलेल्या साक्षीला किती किंमत द्यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

“लागतं,” ते म्हणाले.

बबनरावांनी सुस्कारा सोडला. सयाजी विडा चावू लागले. शालनने खांद्यावरचं फडकं घेतलं आणि आपल्या बोटांखालच्या पट्ट्या तेवढ्या पुसल्या. नंतर ती खाली वाकली. इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं, “हातानं दाबलं तर?”

शेवटचा पेच राहिला होता.

“बाजूला हो, बाळ,” यशवंतराव म्हणाले. “उजेड अडतोय.”

फळ्या निघाल्या. सयाजींनी त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि खाली ठेवल्या.

“माजी पाठवाल तवा फळ्या पुन्यातच काढून पाठवा,” ते म्हणाले. “घरात आल्यावर बायामानसांच्या डोक्यात नस्तं इचार यायला नकोत.”

सहावा ऑर्गन दिवाळीच्या आधी चिंचवडला आला. मुरारीशेठ शब्दाला पक्के निघाले. भाडंही त्यांनीच दिलं आणि आणखी कुठून तरी मिळवलेले चार ऑर्गन विकायचं काम त्याच चिठ्ठीत सोपवलं. ज्योतीरामने गाडीतून उतरवायला हात लावला. यशोदाबाईंनी बाहेरची खोली सारवून ठेवली होती. यशवंतरावांनी हातपेटी माळ्यावर टाकली, ऑर्गनाची धूळ झटकली, एकेक सूर लावून घेतला. भाता शाबूत होता. ते स्टुलावर बसले, फळ्यांवर पाय ठेवले आणि पद सुरू करणार तोच दारात इंदुताई दिसल्या. त्यांच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती.

“मास्तरांच्या घरी सरस्वती आली म्हणून बातमी पोचली,” इंदुताई म्हणाल्या. “नुसती मीच नाही, पिंपरीची मंडळी पण आलीत दर्शनाला. गाडी बाहेर उभी आहे.”

गवराबाई एकेक पायरी चढून आल्या. मागून बबनराव आले, तात्याबा आले, त्यांच्या सुना आल्या. खोली भरली. सर्वांनी ऑर्गनाकडे पाहून हात जोडले. सर्वांच्या मागे दाराला टेकून शालन उभी होती. तिने हात जोडले नव्हते. ती यशवंतरावांच्या पायांकडे बघत होती.

यशोदाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि समई पुसायला घेतली.

यशवंतरावांनी पाय मागे घेतले.